कमळजाबाईंनी विजेच्या जोरे मणी पाडिले त्याची हकीकत

श्री जलदेवता साह्य असो. शके एकोणीसशे सव्वीस, तारणनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याची आम्हांस आज्ञा नाही, जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे. त्या राज्यात नदीकाठी कापडाचा रंग करण्याची थोर रंगशाळा होती, तिचा निळा रंग दूरदेशी जाई आणि दौलतीस बरकत होई, परंतु तिचे विषारी पाणी नदीत पडे आणि खाली भोयांची वस्ती होती, तेथील मासळी मरोन गेली. तेव्हा मथी भोईण सरकारी प्रयोगशाळेत आली. तेथे कमळजाबाई म्हणोन विदुषी होत्या, स्वभावे तापट, बोलणे रोखठोक. मथी म्हणाली, "बाई, जाळं टाकलं तर निळा चिखल वर येतो. लेकरांच्या अंगावर फोड उठल्यात. तुमी शिकल्या-सवरल्या, कायतरी करा की." ते बोलणे बाईंच्या काळजास झोंबले.

मग बाईंनी रंगशाळेच्याच नाल्यातील गाळ आणोन त्यात ऐसे सूक्ष्म जीव शोधिले की जे तो विषार खाऊन जगत. परंतु मोकळे सोडावे तर पाण्यासंगे वाहोन जात, म्हणोन त्यांस घर पाहिजे. मग समुद्री शेवाळाचा डिंक पाण्यात कालविला आणि त्यात जीव मिसळिले आणि सुईवाटे थेंब थेंब चुन्याच्या क्षाराच्या पाण्यात पाडिले, तो थेंब पडताच गोठोन मऊ मणी होई आणि जीव आत राहत. परंतु थेंब आपल्या भारानेच सुटे, सबब मणी वाटाण्याएवढा होई आणि गाभ्यापर्यंत हवा पोचेना आणि आतील जीव गुदमरोन मरत. बाई संतापोन म्हणाल्या, "हे घर बांधिले की तुरुंग?" आणि मणी मोरीत ओतिले. मग मनी आले की थेंब सुटण्याची वाट कशास पाहावी, ओढोनच घ्यावा. मग सुईस विजेचा थोर दाब दिला आणि खालील पाण्याची तार जमिनीस जोडिली, तो विजेच्या ओढीने थेंब लहान असताच तुटो लागला. एकदा दाब अधिक जाहाला आणि ठिणगी उडोन बाईंचे बोट पोळले, तरी फुंकर घालोन पुन्हा बसल्या, आणि अखेर खसखशीएवढे मणी पडो लागले.

हे वर्तमान कारभारी अवधूतपंतांस कळले. पंत येऊन बोलिले, "विजेने माणूस मरतो, तेथे तुमचे किडे कैसे वाचतील? हा खेळ बंद करावा." बाई म्हणाल्या, "दाब मोठा, परंतु वाहणारी वीज नाममात्र. जीव जिवंत आहेत, सूक्ष्मदर्शकास डोळा लावोन पाहा." पंतांनी डोळा लाविला नाही आणि दरबारी कळविले की नदी निवळणे अशक्य. मग बाई बोलावणे नसता दरबारी गेल्या आणि काचेची नळी मण्यांनी भरोन उभी केली आणि वरोन निळे पाणी सोडिले. सरबराई जाहाली, गाणे जाहाले, दरबार जांभया देऊ लागला, आणि मग नळीतून पाणी उतरले ते स्वच्छ. श्रीमंत महाराज चकित होऊन म्हणाले, "पंत, तुम्ही तर अशक्य म्हणत होता!" बाईंनी मध्येच उत्तर केले, "अशक्य नव्हे, सरकार. गैरसोयीचे. नदी निवळते ऐसे ठरले तर रंगशाळेने ती निवळावी लागेल." मग महाराजांनी शालजोडी मागविली आणि फर्माविले की नळी राजवाड्यात शोभेस ठेवावी, नदीचे सावकाश पाहू. बाईंनी शालजोडीस हात लाविला नाही. "शाल मथी भोईणीस द्या, तिच्या लेकरांचे अंग झाकेल," ऐसे बोलोन नळी बगलेत मारिली आणि मुजरा न करिता निघोन आल्या.

मग आठवडाभर बाईंनी मणीच पाडिले आणि हौद भरले. भोयांनी ते खांद्यावर वाहोन रंगशाळेच्या मोरीच्या तोंडाशी नेले आणि परवानगी न पुसता तेथे दगड रचोन मण्यांची विहीर बसविली, की मोरीचे पाणी मण्यांतून गाळोनच नदीत पडावे. पंत क्रोधे लाल जाहाले आणि प्रयोगशाळेची वीजच तोडविली आणि शिपाई घेऊन काठावर आले आणि म्हणाले, "आता कैसे चालते पाहू!" बाई हसोन म्हणाल्या, "पंत, वीज मणी पाडण्यापुरती. आता ते खातात ते तुमचेच विष. तेवढे बंद करा, म्हणजे हेही बंद पडतील." मथी कमरेस पदर खोचोन पुढे जाहाली, "इथला दगुड जरी हलिवला ना, तर आमी समदे विहिरीत बसू." शिपायांत भोयांचेच जावई दोघे होते, ते पाऊल उचलिनात. पंत तैसेच माघारे गेले.

इत्यर्थ ऐसा की, विहीर मोडावी हा पंतांचा हुकूम दप्तरी अद्याप कायम आहे. आणि बाईही काठावर कायम आहेत.