व्यवस्थापकीय संचालकांची बिनपगारी रजा

कुपवाडच्या गुणधर पंप्स लिमिटेडमध्ये कामगारांना पगार पैशात मिळे आणि संचालकांना झोपेत. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तशी मुभा होती. व्यवस्थापकीय संचालक उल्हास शिरगुप्पे यांचा पगार बराच मोठा असल्यामुळे ते दिवसातून जेमतेम तासभर जागे असत.

ही झोप महिन्याच्या पहिल्या तारखेला जमा होई. ती शिल्लक टाकता येत नसे, की दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येत नसे. तिच्यातून आयकर आधीच कापून जाई. कापलेल्या झोपेचं सरकार काय करतं, याची कंपनीला कल्पना नव्हती.

जागेपणीच्या त्या तासातला बराचसा वेळ सह्या करण्यात जाई. उरलेल्या वेळात शैलजाबाई नवऱ्याला चहा करून देत आणि घरात काय काय झालं ते सांगत. लेकीचं लग्नही त्यांनी नवऱ्याला असंच सांगितलं होतं, हप्त्याहप्त्याने.

यंदा संचालक मंडळाने शिरगुप्पे यांचा पगार वाढवायचं ठरवलं. मुंबईहून आलेल्या सल्लागाराने अहवाल दिला होता, की इतर पंप कंपन्यांचे प्रमुख मुळी उठतच नाहीत. असा माणूस हातचा जायला नको, असं पगार न घेणारे अध्यक्ष तेंडोलकर यांचं मत पडलं. स्वतःच्या पगाराच्या चर्चेला हजर राहायचं नाही, असा नियम असल्यामुळे शिरगुप्पे यांना खाटेसकट बाहेर नेण्यात आलं.

शैलजाबाईंच्या नावावर सासऱ्यांनी ठेवलेले थोडे शेअर होते. त्या वार्षिक सभेला गेल्या आणि आपली पाळी येताच उभ्या राहिल्या.

"दिवसातून एक चहा आम्ही एकत्र घेतो," त्या म्हणाल्या. "तेवढंच उरलंय. तेही कशाला घेताय?"

तेंडोलकरांनी त्यांचं म्हणणं आदराने नोंदवून घ्यायला सांगितलं. मोठ्या गुंतवणूकदारांची मतं आधीच आली होती, त्यामुळे ठराव मंजूर झाला. शेजारच्या खुर्चीवरचे एक वृद्ध भागधारक शैलजाबाईंना म्हणाले, की ही खरं तर अभिमानाची गोष्ट आहे.

त्या संध्याकाळी शिरगुप्पे उठले तेव्हा शैलजाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. राजीनामा देऊन उपयोग नव्हता, कारण करारानुसार मोठी भरपाई एकरकमी जमा झाली असती आणि त्यातून ते उठलेच नसते.

"आणि रजा?" शैलजाबाईंनी विचारलं. "बिनपगारी?"

शिकाऊ इंजिनियर म्हणून लागल्यापासून त्यांनी अशी रजा कधी घेतली नव्हती. त्यांनी चहा संपवला आणि लगेच अर्ज केला.

अर्ज नाकारायची नियमात तरतूद नव्हती. मात्र अशी घडामोड शेअर बाजाराला कळवणं भाग होतं. कंपनीने एका ओळीत कळवलं, की व्यवस्थापकीय संचालक जागे आहेत. बाजार उघडताच शेअर कोसळला.

पुण्याहून लेक ऋजुता आली, बरोबर तिची तीन वर्षांची चार्वी. चार्वीने आजोबांना आजवर झोपलेलंच पाहिलं होतं. दर सुट्टीत ती त्यांच्या पोटावर भातुकली मांडत असे. आता ती धावत खोलीत शिरली, तर आजोबांनी डोळे उघडले, हात पुढे केले आणि म्हणाले, "ये बाळा."

ती किंचाळून आईच्या मागे लपली. त्यानंतर ते ज्या खोलीत असतील तिथे ती पाऊलही टाकेना. जेवताना तिने आजीला विचारलं, की आजोबा कधी येणार. शिरगुप्पे समोरच बसले होते. त्यांनी ताटातली आमटी तशीच ठेवली आणि हात धुवून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आपल्या जुन्या खाटेवर जाऊन आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळाने चार्वी दारातून डोकावली. जवळ येऊन तिने बोटाने त्यांची पापणी दाबून पाहिली. मग ती चूल, कढई आणि झाकणं घेऊन आली आणि खाटेवर चढली. शिरगुप्पे यांनी श्वास एका लयीत ठेवला. तिने त्यांच्या पोटावर भात लावला आणि तो शिजेपर्यंत त्यांना सगळं सांगितलं: घरात एक माणूस आलाय, तो आजीच्या शेजारी जेवायला बसतो, तुमचा चष्मा घालतो, मला तो आवडत नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या, तेव्हा तिने त्या फ्रॉकने पुसल्या आणि भात उतू गेला म्हणून स्वतःलाच रागावली.

नेमके तेव्हाच तेंडोलकर आले. शेअर सावरत नव्हता, म्हणून ते मुंबईहून स्वतः गाडीने निघाले होते. शैलजाबाई त्यांना खोलीच्या दारापर्यंत घेऊन गेल्या. त्यांनी बूट काढले आणि आत पाहिलं.

"कधीपासून?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"आत्ताच डोळे मिटलेत," शैलजाबाई म्हणाल्या.

तेंडोलकरांचा चेहरा निवळला. कपबशीचा आवाज नको म्हणून त्यांनी चहाही घेतला नाही. गाडीत बसल्याबसल्या त्यांनी बाजाराला कळवलं, आणि बाजार बंद व्हायच्या आत शेअर वर आला.

रजा रद्द करण्याचा अर्ज ज्याचा त्यानेच करायचा असतो. शिरगुप्पे यांनी तो केला नाही, आणि कंपनीनेही मागितला नाही. चार्वी पुण्याहून आली की ते दुपारी खाटेवर पडून राहत आणि तिचं ऐकत. बाकीच्या वेळी ते घरात वावरत, बाजारातून भाजी आणत, चिकू सोलून तिच्यासाठी ताटलीत ठेवत आणि ती यायच्या आत खोलीबाहेर जात.

दिवाळीच्या सुट्टीत एकदा ती त्यांच्या छातीवर पालथी पडली आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, की तो माणूस अजून इथेच राहतो, पण आता राहिला तरी चालेल.