नानांनी श्वास कधी सोडावा

नाना अम्पोन्सा सीटी स्कॅनच्या फळीवर अनवाणी आडवे झाले, तेव्हा ओचामे तावियाह यांनी मनातल्या मनात निवाडा दिला, की फळी म्हणजे जमीन नव्हे. राजाचे उघडे पाय जमिनीला लागले तर गादी जाते. पाय अधांतरी होते, म्हणजे गादी शाबूत होती. सोने मात्र उतरवावे लागले होते, आणि अंगात होता मागून नाड्या बांधायचा हिरवा झगा. त्याविषयी पूर्वजांनी काही सांगून ठेवलेले नव्हते, एवढीच मेहेरबानी.

ओचामे म्हणजे राजाची वाणी. राजाशी कुणी थेट बोलायचे नाही, राजानेही कुणाशी थेट बोलायचे नाही. दोन्हीकडचे बोलणे ओचामेच्या तोंडून, घासूनपुसून, लखलखीत होऊन जायचे. तावियाह हे काम तरुणपणापासून करत आले होते. त्याआधी दोघे एकाच आंब्यावरून एकत्र पडले होते, इतकी जुनी सोबत. पण पंधरवड्यापूर्वी नानांच्या लघवीतून रक्त गेले. दुखणे काही नाही, नुसते रक्त. शेजारच्या गावचा राजा अशाच रक्ताने गेला होता. तेव्हापासून तावियाहांच्या घशाखाली फुफूचा घास धड उतरत नव्हता.

"तीन फेऱ्या होतील, काका," काचेपलीकडच्या खोलीत यंत्र चालवणारी फ्रेमा त्यांना म्हणाली. "पहिली साधी. दुसरी शिरेतून औषध सोडून. आणि तिसरी, ते औषध मूत्रपिंडातून खाली नळ्यांमध्ये उतरल्यावर."

"एकदा बघून भागत नाही होय?"

"तुम्ही दरबारात माणूस एकदाच बघून ओळखता का?"

मुद्दा बिनतोड होता.

फ्रेमाने बटण दाबले. यंत्रातून एका बाईचा आवाज आला: "श्वास घ्या. रोखून धरा."

नाना फळीवर ताडकन उठून बसले. "तावियाह! कोण ही बाई? ना नमस्कार, ना ख्यालीखुशाली, थेट हुकूम सोडते?"

"नाना, बाई नाही ती. यंत्र आहे."

"मग यंत्राला जरा वळण लावा!"

फ्रेमाने तो आवाज बंद केला आणि माईक तावियाहांपुढे सरकवला. "तुम्हीच सांगा बाबा. पण थोडक्यात हं."

तावियाहांच्या घराण्यात थोडक्यात कुणी काही सांगितलेले नव्हते. त्यांनी घसा साफ केला. "हे महावृक्षा, ज्याच्या सावलीत गाव विसावतं, ज्याच्या आजोबांचा ढोल ऐकून शत्रूनं वाट बदलली, ते आपण आपल्या भव्य छातीत..."

नानांनी पहिल्याच शब्दाला श्वास भरला होता. स्तुती छातीपर्यंत पोचेतो तो संपला.

"काका, ही साधी फेरी आहे म्हणून मी थांबले," फ्रेमा म्हणाली. "पुढच्या फेरीत औषध थांबणार नाही. ते मूत्रपिंडात भरलं, की त्याच क्षणी चित्र घ्यावं लागतं. तुमची स्तुती संपेपर्यंत ते पुढं निघून जाईल."

तावियाहांनी महावृक्ष, सावली आणि ढोल गाळले. पहिली फेरी कशीबशी पार पडली.

दुसरीसाठी औषध शिरेत गेले, आणि आतून नानांचा दबका आवाज आला. "तावियाह... घात झाला रे. फळी ओली झाली वाटतं."

हे जसेच्या तसे परक्या मुलीला सांगणे शक्य नव्हते. तावियाह खाकरले. "नाना म्हणतात, की दुपारच्या उन्हात नदी जशी तापते, तशी काहीशी ऊब सिंहासनाच्या बाजूला..."

"लघवी झाल्यासारखं वाटतंय ना? सगळ्यांना वाटतं. झालेली नसते. औषधानं अंग गरम होतं. आता सांगा, धरा!"

"नाना, श्वास धरा!"

नानांनी धरला. तावियाहांनीही धरला. नाना जेवल्याखेरीज ते जेवत नसत, नाना बसल्याखेरीज बसत नसत. मग नानांचा श्वास कोंडलेला असताना आपण खुशाल हवा खात उभे राहायचे?

चित्र निघाले. "झालं. सोडा म्हणा," फ्रेमा म्हणाली.

तावियाहांनी गाल फुगवून मान हलवली.

"अहो, सोडा म्हणा त्यांना!"

तावियाहांनी बोटाने आधी नानांकडे दाखवले, मग स्वतःकडे. आधी ते, मग मी. आत नाना वाणीची वाट बघत होते, बाहेर वाणी नानांची. दोघांचेही डोळे बाहेर येऊ लागले. फ्रेमाने झडप घालून माईक ओढला. "नाना, श्वास सोडा!"

दोघांनीही एकदमच सोडला. तावियाहांच्या पुढची काच धुरकटली.

"थेट बोललीस?" आवाज फुटताच तावियाह म्हणाले. "राजाशी? याला मेंढ्याचा दंड पडतो, मुली!"

"देईन की मेंढा. राजा गुदमरला असता तर काय पडलं असतं, तेही सांगा!"

आतून धापा टाकत आवाज आला. "तावियाह, मेंढा माझ्याकडून."

मग औषध खाली उतरेपर्यंत थांबायचे होते. तावियाह काचेतून त्या हिरव्या झग्याकडे बघत होते. हळूच म्हणाले, "मुली, दिसलं का गं काही वाईट?"

"ते डॉक्टर सांगतील, काका," फ्रेमा म्हणाली, आणि तिने त्यांना खुर्ची दिली. नाना आडवे असताना बसणे रिवाजात बसते का, हे न तपासताच ते बसले.

तिसऱ्या फेरीला त्यांनी "धरा" म्हटले आणि वेळेवर "सोडा" म्हटले. स्वतः मात्र मध्ये चोरून श्वास घेतला.

नाना पुन्हा वस्त्र नेसून, चपला घालून खुर्चीत बसले, तेव्हा डॉक्टर सेलोर्म आले. रिवाज माहीत असलेला माणूस. ते तावियाहांकडे वळून बोलले. "ओचामे, नानांना सांगा, उजव्या नळीत खाली एक छोटा खडा अडकलाय. पहिल्याच फेरीत दिसला."

"मग पुढच्या दोन कशाला?"

"खड्याच्या आड आणखी कुणी दडलेलं नाही ना, ते बघायला. दुसऱ्या फेरीत मूत्रपिंडं पाहिली, गाठ नाही. तिसरीत नळ्या शेवटपर्यंत पाहिल्या, तिथंही नाही. मूत्राशयात एकदा दुर्बिणीनं बघून घेऊ, पण तुम्ही ज्याला घाबरत होता, तसलं मला कुठंच दिसलं नाही. गोळ्या देतो, पाणी भरपूर पिऊ द्या त्यांना."

तावियाह नानांकडे वळले. तोंड उघडले. मिटले. पुन्हा उघडले. आयुष्यात पहिल्यांदा सांगण्यासारखी इतकी गोड बातमी हाती आली होती आणि जिभेला एक शब्द सापडत नव्हता. डोळे वाहत होते. नाना दोन हातांच्या अंतरावर बसून सगळे ऐकूनही, रिवाजाप्रमाणे, काहीच न ऐकल्यासारखे थांबून होते. थांबून थांबून अखेर त्यांनी वस्त्र खांद्यावर सावरले आणि ते डॉक्टरांकडे वळले.

"डॉक्टर, आमचे ओचामे म्हणतात, की ज्याच्या नजरेपुढं भिंतीही बाजूला सरतात, त्या तुमचे हात सदैव उबदार राहोत. ते म्हणतात, त्या काचेमागच्या मुलीचं घर लेकराबाळांनी भरो. ते म्हणतात, गेला पंधरवडा ते नीट जेवलेले नाहीत, मला कळू नये म्हणून ताट मागच्या दारानं कोंबड्यांना जात होतं. आज ते जेवतील. हे सगळं ते म्हणताहेत, मी फक्त पोचवतोय."

मग नाना मागे वळले. "बरोबर सांगितलं ना रे?"

तावियाहांनी डोळे मिटून, संथपणे, एकदाच मान डोलावली. राजे डोलावतात तशी.