पोपटी फाटक आणि पेंग्विन

हम्बोल्ट पेंग्विनचं भवितव्य नाशिकच्या इंदिरानगरात ठरणार आहे. असं मानणारा जगात एकच माणूस आहे आणि तो माझ्या वरच्या मजल्यावर राहतो.

देवरेकाका जमीनमोजणीच्या खात्यात होते. आयुष्यभर लोकांच्या बांधांवर उभं राहून त्यांनी दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. निवृत्तीनंतर मुंबईला मुलीकडे गेले असताना त्यांनी काचेमागचे पेंग्विन पाहिले. बाकीची मंडळी फोटो काढत होती. काकांनी शेजारची माहितीची पाटी वहीत उतरवून घेतली. तिथून हे प्रकरण सुरू झालं. ‘प्रकरण’ हा शब्द त्यांचाच.

“सरळ सरळ अतिक्रमणाची केस आहे,” जिन्यात मला अडवून ते म्हणतात. “हा पक्षी बीळ कशात करतो? समुद्रपाखरांच्या विष्ठेच्या थरात. पिढ्यान्‌पिढ्या साचलेला थर. लोकांनी तो खत म्हणून खरवडून नेला. खाली राहिला खडक. अंडी कुठे घालायची? वहिवाट याची आणि सातबारा भलत्याच्या नावावर!”

एकदा मी शहाणपणा केला. “बर्फ वितळल्यामुळे असेल, काका.”

“याचा बर्फाशी काडीचा संबंध नाही. हा पेरू-चिलीच्या कोरड्या किनाऱ्यावर राहतो. जागेवर जाऊन पाहिलंत का?”

काका स्वतः मुंबईच्या पुढे गेलेले नाहीत. पण ‘जागेवर जाऊन पाहिलंत का?’ या प्रश्नापुढे भल्याभल्यांनी मान तुकवलेली आहे.

“बोटी मासे उपसून नेतात. जाळ्यात मासळीबरोबर हाही अडकतो. मधूनच समुद्र तापतो, तेव्हा उरलेले मासेही सापडत नाहीत. दप्तरी शेरा काय? ‘असुरक्षित’. म्हणजे नोटीस लागलीय, बंदोबस्त यायचाय.”

व्याख्यान संपलं की ते माझ्या हातात कोथिंबिरीची एक जुडी ठेवतात. ऐकून घेतल्याचा हा मोबदला असावा, असं मी बरीच वर्षं समजत होतो. सोसायटीत कोथिंबीर विकत घ्यायची वेळ कोणावर येत नाही.

खरी लढाई रंगकामाच्या मीटिंगमध्ये झाली. इमारतीला राखाडी रंग द्यायचा हे ठरलं. मग सेक्रेटरी खैरनारवहिनी म्हणाल्या, “आणि ते पोपटी फाटकही राखाडी करू. गल्लीत सगळ्यांनी केलंय. आपलंच मेलं सर्कशीसारखं दिसतं.”

काका उभे राहिले. “हम्बोल्ट पेंग्विन दर वर्षी त्याच बिळाकडे परत येतो. मधल्या काळात कोणी त्या जागेचं रूप बदललं तर त्यानं काय करायचं?”

“काका, आपल्याकडे पेंग्विन कोण आहे?” वहिनींनी विचारलं. सगळे हसले. काकाही हसले, पण बसले नाहीत. शेवटी फाटकाचा विषय पुढच्या रविवारवर गेला.

गुरुवारी मी ऑफिसातून लवकर आलो. आमच्या गल्लीत एकाच बिल्डरच्या पाच इमारती आहेत; पाचही जुळ्या. पहिल्या फाटकापाशी देवरेकाकू पिशवी घेऊन उभ्या होत्या. मी हाक मारणार, तोच वर लक्ष गेलं. आमच्या इमारतीच्या गॅलरीत काका उभे होते. त्यांनी तळहात दाखवून मला थांबवलं.

काकू पुढच्या फाटकाकडे गेल्या. तेही राखाडी. त्या थोड्या घुटमळल्या. मग आमचं पोपटी फाटक दिसलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला. कडीवर हात ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“कोण हवंय तुम्हाला?”

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर अकरा वर्षं राहतोय.

“देवरे,” मी म्हणालो.

“या ना, घरीच आहेत,” म्हणून त्यांनी मला वर नेलं. दारातूनच हाक दिली, “आले हो! कोथिंबीर संपली होती ना, आणली.”

“बरं झालं आणलीस,” काका म्हणाले. त्यांच्या मागे ओट्यावर तीन जुड्या होत्या.

त्यांनी मला जिन्यापर्यंत सोडलं. “रोज जाते, रोज येते. तेवढं एक अजून तिचं तिला जमतं. फाटकाची खूण आहे.”

“मग मीटिंगमध्ये हे का नाही सांगितलंत?”

“तिचं कशाला चव्हाट्यावर? पेंग्विनला हसले तर त्याला कळत नाही.” आणि त्यांनी जुडी पुढे केली.

रविवारी फाटकाचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांआधी मी उठलो आणि पेंग्विनवर बोललो. बोललो वाईटच; थर, जाळी, तापलेला समुद्र, सगळ्याची खिचडी झाली. हसायच्या तयारीत असलेल्या खैरनारवहिनींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. काका बुटांकडे पाहत होते. कोथिंबीर वहिनींच्याही घरी रोज जायची. त्या पेनाचं टोपण काढून लिहू लागल्या.

ठराव आजही इतिवृत्तात आहे. इमारत राखाडी, फाटक पोपटी. कारण : पेंग्विन.