कालचा वारा

आमच्या कार्यालयाचं कुलूप सकाळी उघडलं तरी कुणी आत जात नाही. कारकून, शिपाई, कामासाठी आलेले लोक, सगळे व्हरांड्यात उभे राहतात. आत जातात फक्त अक्का. उंबऱ्यावर थांबून त्या डोळे मिटतात, नाकाने लांब श्वास ओढतात आणि निकाल देतात, "कालचा वारा हाय अजून. थांबा बाहेरच." मग एकेक खिडकी उघडत जातात. कालचा वारा गेल्याची खात्री पटली की हात करतात आणि आम्ही शाळेतल्या पोरांसारखे मुकाट्याने आत शिरतो.

मी करमाळ्याहून बदलून सोलापुरात आलो तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं, आत साप निघालाय.

मस्टरवर त्यांचं नाव महानंदा हत्तुरे, हुद्दा हेडक्लार्क. मूळच्या अक्कलकोटकडच्या. एखादी गोष्ट नको असली की "ब्याड, ब्याड" म्हणून कानडीत झटकून टाकतात आणि ती झटकलेली गोष्ट पुन्हा वर काढायची कुणाची छाती होत नाही.

या कार्यालयाला खिडक्या आहेत, हेच म्हणे लोक विसरून गेले होते. सगळ्या खिडक्यांपुढे फायलींची कपाटं उभी. दिवसाढवळ्या ट्यूबलाइट, कोंदट वास, आणि निम्मं कार्यालय कायम शिंकत असायचं. अक्का बदलून आल्या, त्यांनी एक दिवस हे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी पदर खोचून कपाटाला खांदा लावला. "बाई माणूस एकटी ढकलतीय म्हटल्यावर आम्ही काय बसून राहणार होय?" असं माझ्या शेजारच्या टेबलावरचे जमादार अजून सांगतात. कपाट सरकलं, खिडकी उघडली, आणि पलीकडे एक डेरेदार कडुनिंब निघाला. जमादारांची अर्धी नोकरी त्या झाडाला पाठ करून झाली होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

उन्हाळ्यात सोलापूर काय असतं हे सोलापूरकराला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. अक्का प्रत्येक खिडकीला एक जुनी सोलापुरी चादर भिजवून टांगतात. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून संध्याकाळी जाताना प्रत्येकाने बाटलीतलं उरलेलं पाणी बादलीत ओतायचं, असा दंडक. त्या उष्ट्या पाण्यावर आमचा मे महिना निघतो. वीज गेली की शेजारची कार्यालयं रस्त्यावर येऊन पदराने, फायलीने वारा घेत असतात आणि आम्ही आत गारव्याला. काही मंडळी तर काम नसताना येऊन बसतात. अक्का त्यांनाही सोडत नाहीत. "बसलाय तर झाडाला तांब्याभर पाणी घाला की!"

कागदी कपाला बंदी आहे. ज्याने त्याने आपला स्टीलचा पेला आणायचा. एकदा पुण्याहून मोठे अधिकारी तपासणीला आले. चहा आला. अक्कांनी विचारलं, "साहेब, पेला आणलाय न्हवं?" साहेबांनी पेला आणला नव्हता. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. अक्कांनी शांतपणे स्वतःचा पेला विसळून त्यांना दिला आणि म्हणाल्या, "घ्या. मी नंतर पिते. पुढच्या टायमाला इसरू नका." पुढच्या तपासणीला ते साहेब गाडीतून उतरले तेव्हा त्यांच्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात पेला. मी देवधर्म फारसा करत नाही, पण त्या दिवशी माझे हात आपोआप जोडले गेले.

जेवण टेबलावर नाही, कडुनिंबाखाली. कडक भाकरी, शेंगाचटणी, सगळ्यांचे डबे मधोमध. कुणी एकटा कोपऱ्यात बसला की, "तिकडं कुटं? हितं या." फार वेळ खुर्चीत रुतलेल्या माणसाला फाइल घेऊन वरच्या मजल्यावर पिटाळतात. "बूड हलवा जरा. खुर्ची पळून जात न्हाई." माझी साखर आटोक्यात आली ती डॉक्टरांमुळे की अक्कांमुळे, हे मी डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी नवे साहेब आले. तरुण, हुशार, टापटिपीचे. चादरी पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. हुकूम निघाला: सगळ्या हॉलला एसी, खिडक्या कायमच्या बंद, कपाटं पुन्हा खिडक्यांपुढे. खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्यांना मनातून गुदगुल्या झाल्या. एसी कुणाला नको असतो?

अक्का केबिनमध्ये गेल्या. आता साहेबांची धडगत नाही म्हणून आम्ही कान टवकारले. पण आतून आवाज आला तो विनवणीचा. "सगळ्या न्हाई म्हनत साहेब. एक खिडकी ठेवा. एकच." साहेब हसून म्हणाले, "मॅडम, एसी लावून खिडकी उघडी ठेवतं का कुणी?" अक्का बाहेर आल्या, रजेचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला आणि घरी गेल्या. त्यांनी रजा घेतलेली कुणी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुतार येणार होते. शिपायाने कुलूप काढलं आणि आम्ही सगळे व्हरांड्यात उभे राहिलो. कुणी ठरवलं नव्हतं. पाय आत जाईनातच. साहेब आले आणि चमकले. "काय, संप आहे का?"

"नाही साहेब," जमादार म्हणाले, "कालचा वारा जाऊ द्यायचाय."

"मग खिडक्या उघडल्यात का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खिडक्या कुणीच उघडल्या नव्हत्या. ते काम अक्कांचं! बंद खिडक्यांतून वारा जायची वाट बघत आमचं अख्खं सरकारी कार्यालय गंभीर चेहऱ्याने ताटकळत उभं होतं. साहेब स्वतःच आत गेले, दारातच नाक मुरडलं, आणि एकेक खिडकी उघडत गेले. कडुनिंबाच्या खिडकीशी मात्र थांबले ते बराच वेळ थांबले. बाहेर येऊन तोवर आलेल्या सुताराला म्हणाले, "माझ्या केबिनपुरतं बघा. हॉल राहू दे."

ही बातमी द्यायला मी अक्कांच्या घरी गेलो. घर पहिल्यांदाच पाहत होतो. दोन खोल्या, लख्ख घासलेली भांडी, आणि भर दुपारी लावलेला दिवा. खिडक्या सगळ्या बंद. कड्यांना गंज चढलेला.

"खिडक्या राहिल्या, अक्का," मी म्हणालो.

त्या मटकन खाली बसल्या. मला चहा विचारायचंही विसरल्या. मी खिडक्यांकडे बघतोय हे त्यांच्या ध्यानात आलं.

"आमचे हे मागावर होते," त्या म्हणाल्या. "यंत्रमागावर. वाऱ्यानं धागा तुटतो म्हनून तितं खिडक्या बंद ठेवायचे. सगळा कापसाचा भुगा छातीत. मालकाला लई सांगितलं मी, एक तरी खिडकी उघडा म्हनून. कोन ऐकतं? मग घरी पडून होते. रस्त्याची धूळ सोसायची न्हाई त्यांना, म्हनून ह्या बंद केल्या."

"पण आता?"

"आता कुनासाठी उघडायच्या? हापिसात माणसं हायती. हितं मी एकटी. मला काय, कसलाबी वारा चालतो."

इतकी वर्षं आमच्या छातीची काळजी वाहणाऱ्या बाईला तिच्या घरात श्वास घ्यायला काय आहे, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "अक्का, रविवारी आम्ही जेवायला येतो. सगळे. डबे घेऊन."

"सगळे?" त्या गडबडीने उठल्या, पदर खोचला आणि गंजलेल्या कडीला हात घालत म्हणाल्या, "मग ह्या आजच उघडाय पायजेत की!"