मागच्या सीटवरचे अठ्ठावन्न किलो

मंगळवारी सकाळी अकरा वाजता आमच्या मागच्या खोलीत पुढील गोष्टी होत्या: संगणक एक, मोठा पडदा एक, जॉयस्टिक एक, पायाशी लाकडी पेडलं दोन, खुर्च्या चार आणि माणसं तीन. खुर्च्या दोन पुढे, दोन मागे, छोट्या विमानात असतात तशा. पुढे डावीकडे मी, वैमानिक गंधाली, एमएस्सी भौतिकशास्त्र. माझ्या उजव्या हाताला बाबा, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. बाबांनी खुर्चीवर मांडी घातली होती. माझ्या मागे आई. मागची उजवी खुर्ची रिकामी.

आणि कपाटात तिकिटं तीन. गुरुवारची, रायपूर ते पुणे, विमानाची.

शुक्रवारी पुण्यात माझ्या ताईचं, ऋताचं, सिझेरियन ठरलं होतं. ताई फोनवर एवढंच म्हणाली होती, "मला ऑपरेशनला नेतील तेव्हा बाबा दारात हवेत." शुक्रवारच्या आत पोचवणाऱ्या एकाही रेल्वेगाडीत जागा उरली नव्हती. आणि बाबा विमानात बसायला तयार नव्हते!

"ज्याले रूळ नाही त्याच्यात मी काहून बसू?" हा बाबांचा पहिला मुद्दा. दुसरा त्याहून अवघड होता. "अन् मागं गार्ड कुठाय? चौतीस वर्षं मी गाडीच्या शेवटच्या डब्यात बसलो. मागं कोणी पाहणारं पाहिजे ना!"

मी छाती पुढे काढून म्हणाले, "बाबा, मी तुम्हाला घरातच विमानात बसवते. हात सोडून मिनिटभर उडवते. ते सुतासारखं सरळ गेलं, तर गुरुवारी चलायचं. कबूल?"

"कबूल. अन् वाकडं गेलं तर तिकीट परत!"

वाकडं जाणं अशक्य होतं. विमानाचा तोल म्हणजे शेवटी बेरीज-वजाबाकी. मी संगणकात आमची तिघांची वजनं भरली, चौथ्या सीटवर शून्य टाकलं, दोन्ही पंखांतल्या टाक्यांमधलं इंधन कमी-जास्त करून डावी-उजवी बाजू समान केली. वारा बंद. सकाळी एकटीने पाच उड्डाणं केली. हात सोडल्यावर मिनिटभरात कल: शून्य पूर्णांक एक अंश. यापेक्षा तर आमची भिंत जास्त वाकडी आहे!

उड्डाणाआधी आई पुढे आली, वाकून पेडलांना नमस्कार केला आणि जागेवर जाऊन बसली. नवीन कुकरलाही ती हळदकुंकू लावते, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही.

पडद्यावर रायपूरच्या माना विमानतळावरून निघालो. पूर्वेकडे तोंड केलं. "आता बघा," म्हणून मी हात सोडले; पाय आधीपासूनच खुर्चीखाली होते.

विमान हळूच उजवीकडे कललं. कुणीतरी उजव्या बाजूने पाय आत टाकून सीटवर टेकावं तसं.

"काहून वाकून राहिलं हे?" बाबांनी खुर्चीचे हात धरले.

"वारा असेल."

"तूच तर म्हणाली वारा बंद आहे!"

कल: दोन पूर्णांक एक अंश. मी कसंबसं विमान उतरवलं. आईने पुन्हा वाकून पेडलांना नमस्कार केला आणि स्वयंपाकघरात गेली.

मी सगळं तपासलं. जॉयस्टिक, पेडलं, इंधन, वजनं. सगळीकडे चूक शून्य. पुन्हा एकटीने उडवलं. सरळ! बाबांना घेऊन उडवलं. सरळ! आईला घेऊन उडवलं. सरळ! तिघं बसलो. उजवीकडे, दोन पूर्णांक एक.

इथे माझ्या मानेवर पहिला काटा आला. कारण संगणकात वजनं प्रत्येक वेळी तीच होती. खोलीतल्या खुर्च्यांवर कोण बसलंय हे संगणकाला कळत नाही. कळायला तारच नाही!

पेडलं शंकर नगरच्या माझ्या मामेभावाने, पियुषने, बिजागऱ्या आणि मऊ स्प्रिंगा लावून बनवली होती. त्याला फोन केला.

"दीदी, मेरे पैडल एकदम ठीक हैं," तो म्हणाला. "आपके घर में ही कोई एक्स्ट्रा बैठ रहा है." आणि हसला. मी नाही हसले.

मग मी कागद घेतला. उजवीकडे दोन पूर्णांक एक अंश कल येण्यासाठी मागच्या उजव्या सीटवर किती वजन हवं? एक पान गणित. उत्तर मी मोठ्याने वाचलं, ही माझी चूक.

"अठ्ठावन्न किलो."

आईच्या हातातली पळी पातेल्यात पडली. बाबा उठून कपाटाकडे गेले, दवाखान्याची एक जुनी फाइल काढली आणि शेवटचा कागद माझ्यापुढे धरला. नाव: इंदू. वजन: ५८ किलो.

इंदूआत्या बाबांची थोरली बहीण. अभनपूरच्या शाळेत सव्वीस वर्षं मास्तरीण, मग मागल्या वर्षी वारली तोवर आमच्याकडे. याच मागच्या खोलीत राहायची. डोक्यावरून विमान गेलं की अंगणात जाऊन हात हलवायची. बाबांना म्हणायची, "गंगाधर, एकदा बसू. तू पुढं, मी मागं."

"पूर्वेकडे निघालं की उजव्या हाताले काय येते?" बाबांनी हळू आवाजात विचारलं.

मी नकाशा पाहिला. अभनपूर येत होतं.

खोलीत भरदुपारचं ऊन होतं, तरी मी पंखा बंद केला.

पण बाबांचा चेहरा? तो पेढा खाल्ल्यासारखा झाला होता! "म्हणजे मागं गार्ड आहे!" ते म्हणाले आणि थेट बॅग भरायला घेतली. रात्री जेवताना चार पाट मांडायला लावले. रिकाम्या खुर्चीला ते जाता-येता विचारू लागले, "इंदे, पट्टा लावला का?" माझी दोन वर्षांची एमएस्सी ताटातल्या लोणच्यासारखी कोपऱ्यात पडून होती.

बुधवारी दुपारी बाबांच्या हट्टावरून पुन्हा तिघं बसलो. विमान हवेत असताना माझी पेन्सिल पडली. मी टेबलाखाली वाकले.

उजव्या पेडलावर रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी ते उघडलं. दगड!

मागे वळले. आईने ओठांवर बोट ठेवलं.

विमान उतरवून तिला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, हे काय आहे?"

"खडा आहे. कढीपत्त्याच्या कुंडीतला."

"पेडलावर कशाला?"

"तिघांनी संगं निघू नये, माहीत नाही का तुले? चवथा खडा घ्यावा लागते."

"अगं, आपण खोलीतून निघालोच नाही!"

"विमान तर निघालं ना!" आई म्हणाली. "उतरलं की मी उचलून घेते."

सगळं जुळलं. दोघं असलो की खडा नाही, एकटी असले की खडा नाही. मऊ स्प्रिंग, त्यावर दगड, म्हणून उजवीकडे. दगड वजनकाट्यावर ठेवला: दोनशे बारा ग्रॅम. अठ्ठावन्न हा निव्वळ योगायोग. भूत संपलं! मी इतकी खूश झाले की बाबांना सांगायला निघालेच.

आईने माझा दंड धरला. "सांग जाऊन. मग ताईले पण फोन करून सांग, बाबा येत नाहीत म्हणून."

बाहेरून बाबांचा आवाज आला. "गंधाली! संध्याकाळी एक शेवटची चक्कर मारू. इंदू येऊन राहिली याची खात्री झाली की मी निवांत झोपतो."

वाचकहो, मी ते केलं जे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने कधीच करू नये. खडा खिशात घातला आणि संगणकात मागच्या उजव्या सीटवर स्वतःच्या हाताने अठ्ठावन्न किलो भरले. एकटीने उडवून पाहिलं. कल: दोन पूर्णांक एक. प्रामाणिकपणे बनवलेली लबाडी!

सातला तिघं बसलो. मी पेडलं पुन्हा पाहिली, रिकामी होती. खडा माझ्या डाव्या मुठीत होता. आईचे दोन्ही हात तिच्या मांडीवर. बाबांचे पाय खुर्चीवर. पूर्वेकडे तोंड केलं, जॉयस्टिक सोडली, घड्याळ लावलं.

विमान उजवीकडे कललं. बाबा मागे न बघता हसले.

"आली," ते म्हणाले. "गंधाली, उद्या सकाळी मले सहाले उठव. विमान चुकाले नको."

"हो बाबा."

विमान अजून कलत होतं. पडद्यावर उजव्या कोपऱ्यात अभनपूरचे दिवे दिसू लागले. आईने माझ्या मुठीकडे पाहिलं. मी मूठ उघडून खडा दाखवला.

"आज इंदू जरा भारीच वाटून राहिली," बाबा म्हणाले.

मिनिट पूर्ण झालं. मी वहीत नोंद केली.

अपेक्षित कल: २.१ अंश. मोजलेला कल: ४.२ अंश.