भास्करभाऊंचं रबरी चाक

मिहिर आणि सानिका, आपल्या समोरच्या फ्लॅटमधले भास्करभाऊ गावभरचे जुने रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून देतात, पण एकाही प्लेअरवर गाणं वाजू देत नाहीत. रेकॉर्डच्या कडेला सुई टेकवायची, डोळे मिटायचे आणि गाण्याआधीची खरखर तेवढी ऐकायची. सारंगीचा पहिला सूर आला रे आला की सुई वर.

"भाऊ, गाणं तरी ऐका की," मी एकदा म्हटलं.

"गाण्यात काय ऐकायचं वहिनी? गाणं रोग लपवतं. यंत्राला काय दुखतं ते गाण्याच्या आधी कळतं."

खालच्या मजल्यावरच्या हंसाबेनने लग्नाच्या वाढदिवसाला सासरचा प्लेअर त्यांच्याकडून नीट करून घेतला. पाहुणे खमणच्या बश्या घेऊन गोल बसले. भाऊंनी सुई टेकवली. हंसाबेनच्या थोरल्या दिरांनी 'वाह' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुई वर. पुन्हा टेकवली, पुन्हा वर. दीर तोंड उघडत आणि मिटत राहिले.

"भास्करभाई, हवे गीत तो वागवा दो!" आता गाणं तरी वाजू द्या, म्हणून हंसाबेन काकुळतीला आल्या.

"गीत तो वागशे, हंसाबेन. पहेला रोग पकडवा दो," असं म्हणून भाऊंनी सगळ्यांसमोर प्लेअर उलटा केला. केक कापला गेला तेव्हा भाऊ टेबलाखाली पडलेला स्क्रू शोधत होते.

भाऊ मूळचे धुळ्याकडचे. इकडे इच्छापोरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, तिथूनच निवृत्त झाले. आजही कोणाकडे जायचं तर इस्त्रीचा शर्ट आणि हातात स्टीलचा जेवणाचा डबा. डब्यात पोळीभाजी नसते. वरच्या पुडात पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर, मधल्या पुडात कापूस आणि स्पिरिट, आणि खालच्या पुडात बायकोच्या केसांच्या पिना. बारीक जागेतला कचरा काढायला पिनेसारखं हत्यार नाही, असं त्यांचं मत.

प्लेअर उघडण्याआधी ते डॉक्टरांसारखी चौकशी करतात. शेवटचा कोणी लावला? कुठे ठेवला होता? उंदीर-बिंदीर? मग झाकणावर पालथा हात ठेवून ताप पाहावा तसे थांबतात आणि यंत्रालाच विचारतात, "काबरं रे? काबरं रुसला?" काबरं म्हणजे का. हा शब्द तुम्हाला इकडे आल्यावर रोज ऐकू येईल.

त्यांचा राग एकाच गोष्टीवर, दिसेल तिथे तेल घालणाऱ्या माणसांवर. तुम्हाला समजावं म्हणून सांगते. या जुन्या प्लेअरमध्ये मोटर आणि वरची थाळी यांच्यामध्ये एक रबरी चाक असतं. मोटर चाकाला फिरवते आणि चाक थाळीला. चाकाच्या कडेला तेल लागलं की ते घसरतं, थाळी मंदावते आणि गाणारा पेंगल्यासारखा गायला लागतो. "रबराला तेल म्हणजे विष!" हे वाक्य आमच्या जिन्यात इतक्या वेळा घुमलंय की दूधवाल्यालाही पाठ आहे.

आणि हे विष दरवर्षी दसऱ्याला त्यांच्याच घरात पडायचं. भाऊंची बायको, शालूवहिनी, दसऱ्याला घरातल्या झाडून सगळ्या यंत्रांची पूजा करायच्या. भाऊ आदल्या दिवशी आपला प्लेअर उघडून साफ करून ठेवत. सकाळी वहिनी खोबरेल तेलात कुंकू कालवून यायच्या, मिक्सरला बोट, स्कूटरला बोट, आणि थेट त्या रबरी चाकाच्या पोटावर बोट.

"शालू! रबराला तेल!"

"वर्षभर गरगर फिरी राहिलं ते बिचारं. मिक्सरले कुंकू, स्कूटरले कुंकू, मग त्यालेच काबरं नको?"

"ते घसरेल ना!"

"घसरू द्या. सणाच्या दिवशी दमानं चालेल."

दुसऱ्या दिवशी भाऊ स्पिरिटचा बोळा घेऊन चाक पुसत बसायचे, आणि कुरकुर अशी की तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जावी. वहिनी आतून पोह्याची बशी आणून शेजारी ठेवायच्या आणि मला डोळ्यानं खुणावायच्या.

गेल्या दसऱ्यानंतर लवकरच शालूवहिनी गेल्या. जिना गप्प झाला. भाऊ दुरुस्तीला मात्र पूर्वीपेक्षा जास्त जायला लागले. बोलावलं नसलं तरी.

त्यानंतर तुमचा फोन आला, की आजोबा लावायचे ती रेकॉर्ड रविवारी आम्हाला फोनवर ऐकव. मी कपाटातून प्लेअर काढला, त्याचा मी शिवलेला अभ्रा काढून घडी केली आणि भाऊंना हाक मारली.

त्यांनी सुई टेकवली, डोळे मिटले. खरखरीतून टुक, टुक, टुक असा आवाज आला.

"वहिनी, चाकाला खळगा पडलाय. इतकी वर्षं मोटरला टेकून एकाच कुशीवर झोपलंय. आता ते उठायचं नाही. नवं पाहिजे."

नवं मिळत नाही. ते बनवणंच बंद झालंय. भाऊ नवागामला कापडाच्या मागांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांतून फिरून आले. कुकरच्या रिंगचं रबर चिकटवून पाहिलं, तर थाळी उड्या मारायला लागली. मग एक दिवस आपल्या बाथरूमच्या चपलेची टाच गोल कापून आणली. आजोबांची रेकॉर्ड पावसात चालणाऱ्या माणसासारखी फटक-फटक वाजली. मी हसले. भाऊ हसले नाहीत. ते नुसते डब्याचं झाकण लावत आणि काढत राहिले.

आम्हा दोघांनाही एक गोष्ट ठाऊक होती. तुमच्या आजोबांनी आणि भाऊंनी एकाच दुकानातून, एकाच बनावटीचे प्लेअर घेतले होते. आपल्या प्लेअरला बसेल असं एक चाक समोरच्या फ्लॅटमध्ये होतं. मी ते मागणार नव्हते. तुम्हाला दुसरं काही ऐकवता आलं असतं.

रविवारी सकाळी बेल वाजली. भाऊ दारात, इस्त्रीचा शर्ट, डबा. खुर्चीवर बसून त्यांनी सगळ्यात खालचं पूड उघडलं. त्यात पिनांच्या शेजारी ते चाक होतं, आणि चाकाच्या पोटावर वाळलेलं लाल बोट.

"गेल्या दसऱ्याचं पुसायचं राहिलं," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात होतो ना."

"भाऊ, राहू द्या. मुलांना मी समजावीन."

"मुलं वाट पाहत असतील, वहिनी. आणि ते तिकडे तरी काय करतं? मी कुठे लावतो."

त्यांनी बोळा स्पिरिटमध्ये बुडवला. चाकाची कड फिरवत फिरवत पुसली, दोनदा पुसली. मग बोळा कुंकवाजवळ आणला आणि हात तिथेच थांबला. मी उठून चहा टाकायला गेले. परत आले तेव्हा चाक आपल्या प्लेअरमध्ये बसवलेलं होतं आणि कुंकू जागेवर होतं.

"कड साफ आहे," भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले. "पण पोटातलं तेल पाझरत राहणार. अधूनमधून येऊन पुसावं लागेल मला. चालेल ना?"

मी म्हटलं, चालेल की.

त्या दिवशी तुम्ही गाणं ऐकलंत ते स्वच्छ वाजलं. पण गेल्या रविवारी मिहिर म्हणाला, "आजी, या गाणाऱ्या काकांना झोप आलीय का?" तेव्हा भाऊ इथेच, सोफ्याच्या टोकाला बसले होते. ते हल्ली रविवारी येतात. मला सगळं जागच्या जागी आणि वेळच्या वेळी लागतं, हे तुम्हाला माहीत आहे. गाणं ओढत चाललेलं मला कसं सोसवणार? फोन ठेवल्यावर रेकॉर्ड तशीच रडत-रखडत चालू होती. मी कापूस आणि स्पिरिटची बाटली आणली आणि सुईकडे हात नेला.

"भाऊ, रोग आहे हो."

"आहे," भाऊ म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते. "गाणं होऊ द्या, वहिनी."