लाईट गेल्यावर काय व्हतं?

लाईट गेली की आमच्या वाडीतला प्रत्येक माणूस टॉर्च उसाकडे मारतो. बिबट्याचा मुलूख आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सावळेरामअण्णा मात्र ओट्यावर बसून टॉर्च स्वतःच्या तोंडावर मारतात. हनुवटीखालून उजेड, वर पांढऱ्या मिशा आणि त्याच्यावर दोन वटारलेले डोळे. शेजारच्या घरात नवी आलेली सून एकदा हे दृश्य बघून किंचाळत आत पळाली होती. बिबट्याला ओळख पटावी म्हणून अण्णा तोंड दाखवतात, असं आम्ही एकमेकांना सांगायचो आणि पोट धरून हसायचो.

आमची वाडी आळे गावाच्या शिवारात. अण्णांचं घर आणि माझं घर यांच्यात एक पेरूचं झाड आहे, आणि त्या झाडाच्या मालकीवरून कधी भांडण झालं नाही यात सगळं श्रेय माझ्या स्वभावाचं आहे. अण्णांशी भांडून जिंकणं शक्यच नाही. ते बोलायला लागले की तोंडाबरोबर हात, खांदे, भुवया सगळं कामाला लागतं, शेजारी बसलेल्याने चहाचा कप लांब धरलेला बरा. घरात शिरताना ते उंबऱ्याशी जोरात पाय आपटतात. फरशी फुटेल एक दिवस, असं मी म्हणायचो. "फुटू द्या की शेठ," ते म्हणायचे. आळेफाट्यावर वह्या-पेनांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला शेठ म्हणणारे जगात तेवढेच.

इंदूकाकू, म्हणजे अण्णांची बायको, अगदी उलट. बोलणं कमी, हसणं जास्त. आपण बोलत असलो की आपल्या तोंडाकडे इतकं मन लावून बघतात की आपण काहीतरी मोठं शहाणपणाचं बोलतोय असं वाटायला लागतं. मला माझ्या घरात हा अनुभव नाही.

यंदा वळवाच्या वादळात विजेचा खांब आडवा झाला आणि वाडी अंधारात गेली. अण्णांच्या घरी आतल्या खोलीपुरता इन्व्हर्टर आहे, पण दुसऱ्या संध्याकाळी त्यानेही मान टाकली. खांब उभा राहिला त्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या अंगणात आले आणि म्हणाले, "शेठ, सोलर घ्यायचं. पण चौकशी करून."

झालं. त्या 'चौकशी करून'मध्ये माझा उन्हाळा गेला.

त्यांचा मुलगा गणेश चाकणला कारखान्यात आहे. तो रोज मोबाईलवर व्हिडिओ पाठवायचा. अण्णा एखादा बघायचे आणि मोबाईल उपडा ठेवायचे. "ह्या व्हिडिओतल्या घरात लाईट कधी जातच न्हाई राव. ह्यांचं काय ऐकायचं?" नारायणगावचे दोन विक्रेते येऊन गेले. दोघांनीही बिल कसं शून्यावर येईल ते गुळगुळीत कागदावर दाखवलं. अण्णांनी दोघांनाही एकच विचारलं, "लाईट गेल्यावर काय व्हतं?" त्यांनी पुन्हा बिलाचंच सांगितलं. अण्णांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

मग अण्णांनी आपली पद्धत काढली. ही पद्धत त्यांनी घरातल्या तीन बहिणींच्या सोयरिकी जमवताना वापरली होती. "घरच्याला इचारायचं न्हाई. घरचा कवा आपल्या घराला नाव ठेवंल? शेजारी इचारायचं, गिरणीवर इचारायचं, न्हाव्याला इचारायचं. आन् कशासाठी इचारतोय ते सांगायचं न्हाई, मानूस सावध व्हतो." गाडी माझी, पेट्रोल माझं, पद्धत त्यांची.

गच्चीवर निळ्या काचा चमकताना दिसल्या की अण्णा माझ्या पाठीवर थाप मारायचे. नारायणगावात एका टोमॅटोच्या व्यापाऱ्याने आम्हाला कौतुकाने गच्चीवर नेलं, पण लाईट गेल्यावर काय होतं हे त्याला माहीतच नव्हतं. लाईट गेली की तो मंडईत जाऊन बसायचा. आंबेगावात घोडेगावच्या पुढे एका घरी पॅनलवर आजीने कुरडया वाळत घातल्या होत्या. लई कडक वाळतात, हे तिने आवर्जून सांगितलं. मी म्हटलं, अण्णा, आता पुरे. ते म्हणाले, "उत्तर मिळालं का? न्हाई ना? मग गाडी काढा."

आणे घाट चढून आम्ही आणे गावाला गेलो ते असेच. गावाच्या तोंडाशी एका घरावर पॅनल दिसले. अण्णा समोरच्या किराणा दुकानात शिरले आणि आवाज खाली करून म्हणाले, "भाऊ, त्या समोरच्या घरचं सगळं नीट हाय ना? काही खोट? न्हाई म्हणजे, एकदा घरी आणलं की जन्माचं व्हतं, मागनं पस्तावा नको." दुकानदाराने अण्णांना खालून वर पाहिलं, मला वरून खाली पाहिलं, म्हणाला घर सोन्यासारखं आहे, आणि मागच्या दाराने नाहीसा झाला.

आम्ही त्या घरी पोचलो तेव्हा ओट्यावर सतरंजी पसरलेली होती. यजमानांनी टोपी नीट केली. आतून फोडणीचा वास आला. मला शंका आली, पण अण्णांना भूक लागली होती. पोह्यांच्या बश्या घेऊन एक मुलगी आली, नव्या साडीत, खाली बघत.

"आमची धाकटी. बी.एस्सी. झालीय. इचारा काय इचारायचं ते," यजमान म्हणाले.

अण्णांनी पोह्यांचा घास गिळला आणि विचारलं, "लाईट गेल्यावर काय व्हतं?"

बिचारीला वाटलं, संसाराची परीक्षा आहे. "मेणबत्ती लावते," ती म्हणाली.

"आन् वरचं सोलर?"

"ते पण बंद पडतं. तारेत लाईट असेल तरच ते चालतं. बॅटरी नाही ना आमच्यात."

यजमानांनी लेकीकडे डोळे वटारले. अण्णांनी बशी खाली ठेवली आणि मांडीवर थाप मारली. "पोरगी लाखात एक हाय! सगळ्या तालुक्यात हिनंच खरं सांगितलं."

यजमान खुलले. "मग मुलगा काय करतो?"

"मुलगा व्हय? चाकणला असतो. दोन पोरं हायेत त्याला."

यजमानांनी माझ्या हातातली पोह्यांची बशी काढून घेतली. चहा आला नाही. घाट उतरताना अण्णा मागे बसून एवढंच म्हणाले, "शेठ, बॅटरी पायजे."

पुढच्या रविवारी गणेश सोलर बसवणाऱ्या माणसाला घेऊनच आला. संध्याकाळी मलाही बोलावणं आलं. त्या माणसाने सरळ सांगितलं की बॅटरी नसली तर लाईट गेल्यावर सिस्टिम आपोआप थांबते. खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ते तसंच असतं. बॅटरीवालं महाग पडतं. गणेश म्हणाला, "अण्णा, लाईट अशी जाते कितीदा? साधंच लावू." मी गणेशची बाजू घेतली. अण्णा एकच धरून बसले, "अंधारात चालंल ते लावा, न्हाईतर काईच लावू नका."

तेवढ्यात, वादळ नाही वारा नाही, लाईट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी तर त्या वादळापासून मेलीच होती. गणेश वैतागून खुर्चीवरून उठला, दाराशी गेला आणि तिथूनच म्हणाला, "आई, तूच समजव यांना."

सोलरवाल्याने मोबाईलचा उजेड केला, तो काकूंच्या तोंडावर पडला, खुर्ची अंधारातच राहिली. इंदूकाकू गणेशच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हसत होत्या, मान डोलवत होत्या. "हं. हं," म्हणत होत्या.

"आई?" गणेशने दारातून पुन्हा हाक मारली. काकू खुर्चीकडेच बघत राहिल्या.

अण्णांनी टॉर्च काढला, हनुवटीखाली धरला आणि तोंड त्यांच्याकडे वळवलं. "गणेश, म्हणतो, बॅटरी, नको," एकेक शब्द ओठांवर मोठा करून ते म्हणाले. "दारात, हाय, तो."

काकूंनी दाराकडे मान वळवली. "असं व्हय बाळा? मला वाटलं बसलायस."

गणेश अण्णांकडे बघायला लागला. अण्णाच म्हणाले, "कमी कमी व्हत गेलं. आता काईच न्हाई. फरशी हादरली की कळतं तिला मी आलो म्हणून. कानाचं मशीन आणलं व्हतं, म्हणती नुसता कालवा व्हतो. लोकांना सांगू नका म्हणली, म्हणून न्हाई सांगितलं. उजेड हाय तवर तिला सगळं ऐकू येतं रं. लाईट गेली की ती एकटी पडती. आन् एका हातात टॉर्च धरून मानूस बोलून बोलून किती बोलणार?"

अण्णांच्या ओट्यावरच्या त्या टॉर्चला आम्ही किती हसलो होतो ते मला आठवलं. गणेश अंधारातच आईच्या पायाशी जाऊन बसला. सोलरवाल्याला म्हणाला, "बॅटरीवालं लावा."

पॅनल बसले. काही दिवसांनी भर जेवणाच्या वेळेला लाईट गेली. मी सवयीने टॉर्च घेऊन अंगणात आलो. सगळी वाडी काळी झाली होती, फक्त अण्णांच्या ओट्यावर दिवा जळत होता. काकू खांबाला टेकून बसल्या होत्या आणि अण्णा समोर उभे राहून काहीतरी सांगत होते. आधी त्यांनी टोपी नीट केली. मग खाली बघत, पदर सावरत, हातात बशी धरून चार पावलं चालले. मग मांडीवर जोरात थाप मारली. मग एकदम गप्प झाले आणि दोन बोटं वर केली. काकू तोंडाला पदर लावून गदगदा हसत होत्या.

मी पेरूच्या झाडाखाली उभा होतो. तिथवर अण्णांचा एक शब्दही ऐकू येत नव्हता. मला सगळी गोष्ट कळत होती.